मागच्या सीटवरचं नाव

श्री
अंथुर्णे, १९ जानेवारी २०२५

चि. दत्तोबास,

आक्काचं अनेक आशीर्वाद. वि. वि. हितं समदं खुशाल हाय असं लिवायची रीत हाय म्हणून लिवते. खुशाल काय बी न्हाय. तुला तुरुंगातनं आठवड्याला एक फोन मिळतो, तो तू वकिलाला लावतोस. भैनीच्या वाट्याला पत्र. आधी साहेब लोक उघडून वाचत्यात म्हणं. वाचू देत. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर बघून त्येंचंच डोळं दुखतील.

वकिलानं तुझा जबाब वाचून दाखवला. तो बरोबर हाय का तेवढं कळव. तीन तारखेला तू वृषाली आन छकुलीला घेऊन डाळजला, वृषालीच्या म्हायेरी निघालतास. मायलेकी मागच्या सीटवर. फाट्यावर च्या प्यायला गाडी उभी केलीस. टपरीच्या फळीला टेकून तो हिंदुराव उभा, खिशात मोबाईल. आन गाडीच्या मशिनीत बोलती ती बाई बोलली, मागची सीट, हिंदुराव, जोडला. तू वळून बघितलंस तर वृषालीची मान खाली. मग तू तिला केसाला धरून भाईर वढलंस. तिनं दार धरून ठिवलं तर हातावरच दार आपटलंस. दोनदा. हिंदुराव पळत आला तर डिकीतला कोयता काढून त्येच्यावर घातलास. उजव्या हाताची तीन बोटं टपरीच्या म्होरं पडली. टपरीवाल्यानं ती दुधाच्या पिशवीत घालून दवाखान्यात न्हेली, पर बसली न्हाईत.

लेकरू गाडीत हुतं. कानावर ते टोपीवानी हेडफोन, म्होरं कार्टून. तेवढं एक देवानं बरं केलं. काचेतनं दिसलं असंल, पर ऐकू तर आलं न्हाय.

मी तुझ्या बाजूनं हाय, हे साहेब लोकांनी बी वाचावं. हिंदुरावानं वृषालीला तुझ्या आधी बघितलं हुतं, पोहं खाल्लं आन पत्रिका जुळंना म्हणून उठून गेला. तवाच मी म्हणलं हुतं, म्हायेरच्या गावातला माणूस गावातच ऱ्हातो, त्येचं डोळं काय कुणी काढून न्हेत न्हाय. नऊ वर्सं झाली. तू ऐकलं न्हाईस, गोरी हाय म्हणून भाळलास.

शुक्रवारी मी डाळजला गेले. तिच्या आईच्या म्होरं तिच्या थोबाडीत दिली. दुसरी देताना तिनं पलास्टरातला हात तोंडाम्होरं धरला, माझ्या दोन बांगड्या त्येच्यावर फुटल्या. इचारलं, कवा बसला हुता तो माझ्या भावाच्या गाडीत. कवाच न्हाय म्हणली. मी म्हणलं, माणूस खोटं बोलंल, गाडी कशाला बोलंल. तिचं काय तुझ्यासंगं भांडान हाय. तर रडली बी न्हाय. मला त्येचा लई राग आला.

गाडी माझ्या नावावर घेतली ते बरं झालं, कोर्टानं मलाच माघारी दिली. लाईटवर चालती म्हणून गोठ्यातल्या प्लगाला लावून ठिवलीय. एका बाजूला म्हस, एका बाजूला गाडी. तुझं दाजी म्हणत्यात, दोघीबी उभ्याउभ्या खात्यात, पर एक तरी दूध देती.

एक सांगायचं राह्यलं. कोयता आपला हुता. म्हशीला उसाचं वाढं आणायला मीच तुला दिलेला. पोलिसानं दाखवून इचारलं, वळखता का. मुठीला माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी दिसत हुती. मी म्हणलं, असलं कोयतं घरोघर असत्यात.

जिवाला जप. लोभ हाय तेवढा हाय, त्येचा कोयता करू नको.

तुझी आक्का,
छबूबाई


येरवडा, २ फेब्रुवारी २०२५

ती. छबूआक्कास,

दत्तोबाचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. माझी पत्रं सुटणाऱ्या माणसाच्या हाती भाईर धाडतो, ती साहेब लोक बघत न्हाईत. जबाब बरोबर हाय. फक्त दार दोनदा आपटलं हे खोटं, मला एकदाच आठवतंय.

तिच्या थोबाडीत दिलीस ते ऐकून छाती गार झाली. तुझ्याशिवाय मला कोण हाय. आई गेली तवापासून तूच.

आता नीट वाच. वकील म्हणतो, नुसतं नाव ऐकलं म्हणून चालत न्हाय, पुरावा लागतो. पुरावा गाडीत हाय. त्या गाडीला कंपनीचं ब्लूटूथ फक्त पुढं. मागं स्क्रीन हुता, पण त्याला बिनवायरीचं हेडफोन जोडत नव्हतं. छकुलीच्या कार्टूनानं माझं डोकं उठायचं. म्हणून बारामतीत सूरजकडं मागचं मॉड्यूल बदललं. काडेपेटीएवढी डबी असते, मागच्या सीटखाली. नवी यायला महिना लागणार हुता, त्यानं कुठनं तरी मिळवून तासाभरात बसवली. तवापासून मागच्या सीटचं ब्लूटूथ वेगळं झालं. पोरगी तिच्या कानात ऐकती, मी माझं पुढं.

आणि ह्यात एक गोष्ट पक्की असते. माणूस एकदा त्या सीटवर बसून, मोबाईल हातात घेऊन, नंबर दाबून जोडल्याशिवाय गाडी त्याचं नाव घेत न्हाय. म्हणजे मी घरात नसताना तो माझ्या गाडीत बसला. शेजारी कोण बसलं असंल हे मी तुला सांगायला पायजे का. हे डोक्यात आलं आणि पुढचं मला लाल दिसाय लागलं. कोयता हातात कसा आला ते बी ठाऊक न्हाय.

तू दोन कामं कर. सूरजला गोठ्यात बोलव आणि मागच्या सीटच्या यादीत हिंदुरावाचं नाव हाय त्याचा फोटो काढ. दुसरं, वृषालीची सही घे की हिंदुराव तिला त्रास द्यायचा, जबरदस्तीनं गाडीत बसायचा. तेवढ्यावर मला जामीन हुईल. सही न्हाय दिली तर म्हणावं, एक हात अजून राह्यलाय आणि दार पण.

कोयत्याबद्दल बोललीस तेच बरोबर. तसंच ऱ्हा.

दाजींना नमस्कार. तुझी माया असू दे, मी सुटून आलो की फेडतो.

तुझा,
दत्तोबा


श्री
अंथुर्णे, १६ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तोबास,

आशीर्वाद. वि. वि. खाली बसून वाच. उभा असशील तर भिताड धर.

सूरज आला. मागं बसला, स्क्रीनवर बोट फिरवलं, यादी उघडली. तीन नावं. एक छकुलीचं हेडफोन, एक वृषालीचा मोबाईल, एक हिंदुराव. मी म्हणलं, काढ फोटो. तर ह्येच्या तोंडाचं पाणी पळालं. म्हणला, मावशी, हे नाव ह्या गाडीतलं न्हाय, हे डबीतलं हाय.

मला काय कळंना. मग त्येनं सीट उचलली, डबी काढून दावली. पाठीमागं पांढऱ्या खडूवानी पेनानं गाडीचा नंबर लिवलेला, तो आपला न्हवता. ती डबी हिंदुरावाच्या गाडीतली हाय दत्तोबा. त्येची बी अशीच लाईटवर चालणारी गाडी हुती, दिवाळी झाल्यावर सोमेश्वरनगरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीत घुसली. ट्रॉलीला मागं दिवा न्हवता. गाडी भंगारात गेली, सूरजनं तिचं डोळं-कान काढून ठिवलं, आन कान तुझ्या गाडीला बसवलं.

मी इचारलं, मग नाव का पुसलं न्हाईस. म्हणला, पुसायचं असतं, दहा मिनिटाचं काम हाय. पर दत्तोबादादा दुकानाम्होरं हॉर्न वाजवीत हुते, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून आईवरनं शिव्या देत हुते, म्हणून तसंच दिलं बसवून. मी पायातली काढली आन त्येला धुतला. गोठ्यातनं इहिरीपतूर न्हेला मारत. मधी तुझं दाजी आलं, त्येंला बी एक बसली. मला आजूनबी वाटत हुतं की हे बेनं हिंदुरावाचं खाऊन आलंय.

सूरज म्हणला, मावशी, वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलं म्हणून आईला इसरतं का. म्हस जवळ आली की हंबरणारच. डबी वासरू हाय आन हिंदुरावाचा मोबाईल म्हस. कुठल्याबी गाडीत बसवा, मोबाईल जवळ आला की वळख देणार. सीटवर कुणी असू दे न्हायतर नसू दे.

मी म्हणलं चल, दाव. तसाच नाक पुसत गाडीत बसला, डबी लावली, मी मागं. वृषाली बसायची त्या जागी. डाळजपतूर त्येनं आपला मोबाईल मागच्या सीटला जोडून अभंग लावला हुता, मला शांत करायला. हिंदुरावाचं घर रस्त्याला लागून हाय. कुडाजवळ गाडी हळू केली. अभंग तुटला आन ती बाई बोलली. मागची सीट, हिंदुराव, जोडला.

सूरज म्हणला ही डबी जुन्या जातीची, एका टायमाला एकालाच धरती, दुसरं आलं की पहिलं सोडती. मी कुठं ऐकती. हिंदुराव ओट्यावर बसला हुता, हाताचं गठुळं करून मांडीवर ठिवलेलं, शेजारी मोबाईल. त्येनं गाडी वळखली आन उठून घरात पळाला. एवढा बाप्या माणूस, मला बघून पळाला.

आता तूच सांग. अठ्ठेचाळीस वर्साची बाई मी, त्या सीटवर एकटी बसले आन गाडीनं त्येचं नाव घेतलं. मग माझं बी त्येच्याशी हाय काय. माझा बी हात घालतोस का दारात.

माघारी येताना वृषालीचं घर लागलं. ती दारात एका हातानं धुणं वाळत घालत हुती. दोरीवर कापड टाकायची, दातानं टोक धरायची, एका हातानं झटकायची. मी गाडी थांबवली न्हाय. उतरायला तोंड न्हवतं. त्या गालावर माझी बोटं उठली असतील.

तू काय करायचं ते सांग. माझी अक्कल संपली. लोभ कुठं ठिवायचा ते कळंना झालंय, सध्या तुझ्या दाजीजवळ ठिवलाय.

आक्का


येरवडा, २८ फेब्रुवारी २०२५

आक्का,

नमस्कार लिहिलाय असं समज.

सूरजचं डोकं फोडलं पायजे. त्याला सांग, मी भाईर आलो की पहिला त्याचा नंबर. दुकानासकट जाळतो. आणि तू, तुला कुणी सांगितलं हुतं गाडी डाळजला न्यायला. मी फोटो काढ म्हणलं हुतं.

समजा डबी त्याची हुती. म्हणून काय वृषाली धुतल्या तांदळाची झाली का. नाव ऐकल्यावर मान खाली का घातली तिनं. निर्मळ बाई वर बघती.

आता ऐक. ती डबी काढ आणि भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यात टाक. कुणाला बोलायचं न्हाय. वकिलाला पण न्हाय. यादीचा जो फोटो सूरजनं काढला असंल तेवढा ठेव. वृषालीची सही घे, मारून घे न्हायतर पाया पडून घे. कोयत्याला वळख द्यायची न्हाय.

आणि जर तू तोंड उघडलंस, तर मला भैन न्हाय आणि तुला भाऊ न्हाय. मी भाईर आल्यावर अंथुर्ण्याचं घर कुठल्या दिशेला हाय ते मला चांगलं ठाऊक हाय.

दत्तोबा


डाळज, ९ मार्च २०२५

ती. वन्सं यांस,

वृषालीचा सा. न. वि. वि. सूरजच्या हाती पाठवलेलं तुमचं पत्र आणि पेरूची पाटी मिळाली. डबीचं सगळं वाचलं. माफी मागितलीत तेही वाचलं. आई म्हणाली, मोठ्या बाईनं पदर पसरलाय, देऊन टाक. मी अजून दिलेली नाही. उजवा हात अजून वळत नाही, हे डाव्यानं लिहितेय, त्यामुळे घाईनं काही देता येत नाही, असं समजा.

तुम्ही विचारलंत, नाव ऐकल्यावर मी मान खाली का घातली. वन्सं, नऊ वर्षांत मी प्रत्येक वेळी मान खालीच घातलीय. भाजी खारट झाली तरी. वर बघितलं तर डोळ्यावर बसते, खाली बघितलं तर पाठीवर. पाठ साडीत झाकते. हे तुम्हाला नवीन नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या पाठीला तुम्हीच हळद लावलीत आणि म्हणालात, पुरुषाचा राग दुधासारखा असतो, उतू जातो आणि खाली बसतो. मी ते धरून बसले. दूध नव्हतं ते.

हिंदुराव माझा कुणी नाही. त्यांनी पोहे खाल्ले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला त्यांच्या मिशा आवडल्या नव्हत्या. एवढंच आमचं.

ते सही मागतात म्हणून लिहिलंत. सही करणारा हात दारात गेला असं कळवा.

मी तुमच्याकडून एकच गोष्ट मागते, कोयता ओळखा. टपरीवाल्यानं जबाब फिरवलाय, त्याला कुणीतरी जाऊन दम दिलाय. आता तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही गप्प बसलात तर ते चार महिन्यात घरी येतील आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात असतील.

छकुली बरी आहे असं म्हणायचं. शाळेत जाते. त्या दिवसापासून कानावरचे हेडफोन काढत नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. ते कशालाच जोडलेले नसतात. बाईंनी काढायला लावले तर वर्गात लघवी केली. तिला थोडे दिवस तुमच्याकडे पाठवू का. म्हशीचं रेडकू बघायचं म्हणते. तुमच्या हातून काहीतरी चांगलं व्हावं असं मला वाटतं, म्हणून विचारते.

मायेचं नंतर बघू.

वृषाली


श्री
अंथुर्णे, २३ मार्च २०२५

दत्तोबा,

आशीर्वाद वि. वि. हे पत्र साहेब लोकांनी दोनदा वाचावं, मग तुला द्यावं.

तुझी धमकी मिळाली. आई गेली तवा तू सात वर्साचा हुतास, तुझ्या नाकाचा शेंबूड माझ्या पदराला. बारा वर्साचा असताना तू शेजारच्या कुत्रीला दगडानं मारलंस, तिची पिल्लं दूध पीत हुती. लोक भांडायला आलं, तर मी म्हणलं माझ्या भावानं मारलं न्हाय, कुत्रीच चावायला आली हुती. तितनं सुरवात झाली. कोयता तुझ्या हातात तीन तारखेला आला न्हाय. तो मी तुला लई आधी दिला.

ऐक मी काय काय केलं. डबी उजनीत टाकली न्हाय. ठाण्यात न्हेऊन साहेबाच्या टेबलावर ठिवली. सूरजला बी संगं न्हेला, त्येनं समदं लिवून दिलं, वहीतली नोंद दावली. भेत हुता, तर मी म्हणलं दत्तोबा भाईर यिऊन तुला मारंल तवा मारंल, खोटं बोललास तर मी आत्ताच मारते. त्येला माझी चप्पल ठाऊक हाय.

मग मी म्हणलं, साहेब, तो कोयता काढा. काढला. मी म्हणलं हा माझा. मूठ हलत हुती म्हणून माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी मीच बांधली. उरलेलं लुगडं पिशवीतनं न्हेलं हुतं, चिंधी फाडलेली जागा जुळवून दावली. साहेब म्हणला, मागच्या टायमाला का न्हाय बोललात. मी म्हणलं, तवा मी भैन हुते. त्येनं ते बी लिवून घेतलं.

टपरीवाल्याला दम कुणी दिला ते शोधलं. तुझा तो मैतर गेणबा. मी त्येच्या घरी गेले, त्येच्या बायकूम्होरं त्येची कॉलर धरली. ह्यापुढं जाणार न्हाय.

मग हिंदुरावाकडं गेले. ह्या येळी एसटीनं, फाट्यापासनं चालत, गाडी न्हाय. तो पळाला न्हाय, पर हात पाठीमागं घेतला. त्येच्या आईनं मला पाणी दिलं न्हाय, बरोबर केलं. मी इचारलं, बाबा, तू मधी का पडलास. तुझा काय संबंध. म्हणला, बाईचा हात दारात अडकलेला दिसला. तिच्या जागी कुणीबी असती तरी गेलो असतो. गाय असती तरी. तुझं नाव सुदीक घेतलं न्हाय त्येनं. त्येला आता नुसत्या डाव्या हातानं भाकरी मोडाय येत न्हाय, आई घास करून घालती.

वृषालीनं तुला निरोप दिलाय. सही करणारा हात दारात गेला म्हणून.

आन एक. तुझी दोन पत्रं आली. डबी हाय, सही हाय, सूरज हाय, वकील हाय. पोरीचं नाव कार्टूनानं डोकं उठतं एवढ्यापुरतं. ती कशी हाय, जेवती का, शाळेत जाती का, एक अक्षर न्हाय. तिच्यापायी तर डबी बसवली हुतीस.

छकुली आता माझ्याकडं आलीय.

भाऊ न्हाय म्हणलास, तर न्हाय. आशीर्वाद तेवढा देते, तो माघारी घेता येत न्हाय म्हणून.

छबूबाई


येरवडा, ६ एप्रिल २०२५

ती. आक्कास,

नमस्कार. तुझ्यावर राग हाय, तो ऱ्हाईल. जामीन फेटाळला, तुला कळलं असंल.

बराकीत हितं सारखं कुणीतरी कुणालातरी मारत असतं. काल एका माणसाला चौघांनी मोरीत धरलं. मी भिताडाकडं तोंड करून बसलो, पर ऐकू येत हुतं. कानात बोटं घातली तरी ऐकू येत हुतं. तवा मला छकुलीची याद आली.

ती कशी हाय. जेवती का.

त्या दिवशी तिच्या कानावर हेडफोन हुतं एवढंच एक बरं झालं. तिनं काय ऐकलं नसंल. त्येवढ्यावर मी झोपतो. तिला काय आठवतंय का, इचारून कळव.

दत्तोबा


श्री
अंथुर्णे, २० एप्रिल २०२५

चि. दत्तोबास,

आशीर्वाद. वि. वि. जेवती. रेडकाचं नाव तिनं ठमाबाई ठिवलंय, त्येच्या तोंडाला तोंड लावून बसती. पेरूच्या झाडावर चढाय शिकली. परवा पडली, गुडघा फुटला, रडली न्हाय. वृषालीवर गेलीय.

तू इचारलंस म्हणून मी तिला इचारलं. आधी मला वाटलं खोटं लिवावं. मला खोटं लिवाय येतं, हे तुला ठाऊक हाय. पर ती सवय मोडायचं ठरवलंय.

गोठ्यात गाडीजवळ बसलो हुतो. मी म्हणलं, छकुले, त्या दिवशी तुझं कार्टून चालू हुतं न्हवं. ती म्हणली, आत्या, बाईनं त्या काकाचं नाव घेतलं आन माझं बंद पडलं. चित्र हलत हुतं, आवाज न्हवता.

तवा मला सूरजचं आठवलं. ती डबी एका टायमाला एकालाच धरती. हिंदुरावाला धरलं, तवा तुझ्या पोरीला सोडलं. अभंग तुटला तसं तिचं कार्टून तुटलं. कानावर नुसतं मोकळं टोपडं हुतं दत्तोबा. तिला पहिल्या शिवीपासनं ऐकू आलंय.

तिनं मला समदं म्हणून दावलं. तुझ्याच आवाजात. तू वृषालीला काय काय म्हणलास, हिंदुरावाला काय म्हणलास, ते हितं लिवत न्हाय. सात वर्साच्या तोंडातनं ऐकून तुझं दाजी गोठ्यातनं उठून गेलं. मग म्हणली, दार दोनदा वाजलं. एकदा मोठ्यानं, एकदा बारीक. तुला एकदाच आठवत हुतं, म्हणून कळवते.

मी तिला इचारलं, मग आता हे कशालाच जोडलेलं न्हाय, तरी कानावर कशाला ठिवतीस बाय. काढ, उकडतंय. तर म्हणली, परत कुणी ओरडलं तर घालायला येळ मिळत न्हाय.

तू सुटून कवा येशील ते कोर्ट ठरवील. आल्यावर हिकडं यायचं असंल तर आधी पत्र टाक, मी तिला इचारीन. ती हो म्हणली तरच ये. आन आलास तर फाटकापासनं हळू बोलत ये.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणून लिवायची रीत हाय. तुझ्याकडं काय मागावं ते मला अजून ठरवता आलं न्हाय. तेवढी वळ मोकळी सोडते.


तुझी आक्का